सांध्यातले दोन खिळे

काळाचौकी,
ज्येष्ठ लागून तीन दिवस झाले.

तीर्थरूप धोंडूदादास,

धाकट्या नलूचा वाकून नमस्कार. हे पत्र लक्ष्मीवहिनी तुला मोठ्याने वाचून दाखवणार, कारण गेल्या गणपतीपासून तुझ्या चष्म्याचा नंबर चुकलाय म्हणे. म्हणून तिलाही ह्याच ओळीत नमस्कार, वेगळा मागू नये. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचं बीपी? काळी गाय व्यायली का? फणस किती धरलेत, त्यातले कापे किती नि बरके किती, तेही कळव. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मजेत कोणी नाही.

फोन का नाही केला असं तू विचारशील. तुझा फोन वहिनी उचलते, स्पीकरवर टाकते, आणि मग माझ्या घरातली भानगड ओटीवर बसलेली अख्खी वाडी ऐकते, वर सल्ले देते. इकडे माझी खोली दहा बाय बारा. ज्या माणसाबद्दल बोलायचं तो दोन हातांवर बसून लसूण सोलत असतो. म्हणून पत्र. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तेवढ्या शाळेवर भांडण नीट लिहिता येतं. आपल्या वाडीतला निलेश ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो, त्याच्याच हाती पत्र आणि सोबत एक पेटी धाडली आहे. (वहिनी, अशा दोन वाकड्या रेघांच्या मध्ये जे लिहीन ते तुझ्यासाठी. ते वाचायचं नाही, करायचं. पहिलं काम म्हणजे पेटी बाजूला ठेव, पत्र संपेपर्यंत उघडायची नाही.)

तर शिमग्यापासून तुझ्या चेल्याचा डावा अंगठा रोज नव्या रंगाचा व्हायला लागला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सगळ्या पत्रात हे, ह्यांनी, ह्यांना असं लिहीत बसले तर वही संपेल. जयवंतच लिहिते. सोमवारी अंगठा जांभळा, बुधवारी वांग्यासारखा, शनिवारी हिरवट, आणि बरा होतोय म्हणेपर्यंत परत जांभळा. गाळ्यात देव्हाऱ्यांची कामं चालू आहेत, गणपतीच्या आधी द्यायची. देव्हाऱ्याला कळसाखाली नक्षीची पट्टी बसते ना, तिला अगदी बारीक खिळे लागतात. तो खिळा अंगठा नि बोटात धरायचा आणि हातोडी मारायची. हाच माणूस पूर्वी माझ्याशी भांडता भांडता, माझ्या तोंडाकडे बघत खिळा मारायचा आणि तो सरळ जायचा. आता खिळ्याकडे बघून मारतो आणि अंगठा फुटतो.

विचारलं तर कारणं तयार. हातोडीचा दांडा झिजलाय. हल्लीचे खिळेच वाकडे येतात. ट्यूबचा उजेड मेलाय. शेजारच्या गाळ्यातला वसंत वेल्डिंग करतो त्याच्या ठिणग्या डोळ्यांवर येतात. मी दांडा नवा बसवून आणला. ट्यूब बदलली. वसंतला जाऊन असं काही सांगून आले की तो आता भिंतीकडे तोंड करून वेल्डिंग करतो आणि मी दिसले की मशीनच बंद करतो. अंगठा तसाच. मग मी ठरवलं, हात म्हातारा झाला. साठी उलटली, हाताचा काय दोष. त्याच दिवशी संध्याकाळी तुझी भाची प्राची ऑफिसातून आली आणि तिने मोबाईलवर दाखवलं की खिळे मारायची बंदूक मिळते. लाकडावर टेकवायची, दाबायची, टक् करून खिळा आत. अंगठ्याचा संबंधच नाही. मी चहा गाळून होईपर्यंत ठरवून टाकलं की घ्यायची.

जयवंत म्हणाला, "दादाने सांगितलंय, सांध्याला लोखंड दाखवायचं नाही."

हे तुझं वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतेय रे दादा. त्याच्या बापाची गिरणी बंद पडली आणि हा एकोणीस वर्षांचा पोरगा तुझ्या कारखान्यात आला, तेव्हा तू त्याला वर्षभर दुसरं काही करू दिलं नाहीस. नुसते फळ्यांचे कोपरे, कडांना दात पाडून, दातात दात घालून. तो कोपरा जोडायचा, तू पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली चौकात टाकायचास, सुटला की परत. ज्या दिवशी एक पेटी खाली पडून उसळली पण सुटली नाही, त्या दिवशी तू ती पेटी घरी घेऊन आलास आणि माझ्या पुढ्यात ठेवलीस. मुलगा दाखवायच्या आधी पेटी दाखवलीस. म्हणालास, "शोध नले, ह्यात एक खिळा सापडला तर लग्न मोडू." मी बोटं फिरवली, नखं घातली, उजेडाला धरून बघितली. नाही सापडला. लोक पत्रिका बघतात, मी कोपरे बघून उभी राहिले बोहल्यावर. तक्रार नाही. सांधा अजून धरून आहे. (वहिनी, हसला असेल तर पुढे वाच. नसेल तर हा भाग परत वाच.)

पण अंगठ्याचं काही तरी करायला हवं होतं. म्हणून एका सोमवारी जयवंतला घेऊन नागदेवीला गेले. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, हातगाड्या, हमाल, आणि दुकानांत हत्यारं अशी टांगलेली की युद्ध लागणार आहे. दुकानदाराने तीन जातीच्या बंदुका काढल्या. एक हवेवर चालते. तिला पिंपाएवढा कंप्रेसर लागतो, तो धडधडत राहतो, आणि नळी गाळ्यात सापासारखी पसरते. म्हटलं, आमच्या गाळ्यात कंप्रेसर ठेवला तर जयवंतने बाहेर उभं राहून काम करावं लागेल. दुसरी वायरवाली, सरळ प्लगात घालायची. हलकी, स्वस्त, मला आवडली. मी पिशवीतून आपल्या गाळ्यातला सागवानाचा तुकडा काढला. (तुकडा घरून नेला होता. दुकानदाराच्या मऊ लाकडात खिळा जातो ह्यात काय विशेष, त्यात माझं बोटही जाईल.) सागवानात तिचा खिळा अर्धा गेला आणि अर्धा वर उभा राहिला. ती बाद. तिसरी बॅटरीवाली. आवाज नाही, नळी नाही, सागवानात खिळा डोक्यासकट आत. पण जड, अडीच-तीन किलो. मी दोन्ही हातांनी उचलून बघितली. मिरच्यांची पोती ढकलते मी मसाल्याच्या दिवसांत, मला काही वाटलं नाही.

(वहिनी, वरच्या वाकड्या रेघांतलं तू वाचलंस ना? ते वाचायचं होतं. हात चालतो तशा रेघा पडतात, माझा इलाज नाही.)

मग खिळ्यांचे नंबर. सोळा, अठरा, तेवीस. तर म्हणे नंबर जितका मोठा तितका खिळा बारीक. हे कोणी ठरवलं विचारलं तर दुकानदार म्हणाला कंपनीनेच तसं ठेवलंय. म्हटलं, कंपनीला बाजाराला पाठवत नसतील. तेवीसचा खिळा केसासारखा, त्याला डोकंच नाही, पट्टी ओढली की निघून येईल. सोळाचा जाड, नक्षीची पट्टी चिरेल. अठराचा बरोबर. लांबी पट्टीच्या जाडीच्या दुपटीहून थोडी जास्त घ्यायची, म्हणजे मागच्या लाकडात नीट रुततो. आणि बंदुकीच्या नाकाजवळ एक चाक असतं, ते फिरवून खिळा किती आत जायचा ते ठरवता येतं. एवढं सगळं मी अर्ध्या तासात समजून घेतलं. जयवंत स्टुलावर बसून होता, तुझं वाक्य तोंडात धरून.

तेव्हा मीच दुकानदाराला विचारलं, ह्याने सांधा धरेल का? बिचारा खरं बोलला. नाही म्हणाला. सांधा धरतो तो गोंद, आणि लाकूड लाकडात बसलेलं असतं ते. हा खिळा फक्त गोंद सुकेपर्यंत हात धरून ठेवतो. म्हणजे दादा, तुझंच खरं निघालं, पण पूर्ण खरं नाही. गोंद सुकेपर्यंत तू काय करायचास? आम्हाला पकडून बसवायचास. कारखान्यातल्या पेट्यांवर मी किती दुपारी बसून काढल्यात ते आठव. गोंदाला काही जोर लागत नाही, दम धरायला लागतो. तो माझ्यात नाही म्हणून तर बंदूक घ्यायची.

दुकानदाराने दोन पट्ट्यांचा कोपरा जुळवला, पेन्सिलीने रेघ मारली आणि बंदूक जयवंतच्या हातात दिली. रेघेवर टेकवा, दाबा. टक्. रेघेपासून दोन बोटं लांब. खिळा पट्टीच्या कडेतून बाहेर आला. दुकानदार म्हणाला, लाकडाच्या रेषा अशा असल्या की खिळा भरकटतो. परत. टक्. परत लांब. मी वाकून सांगत होते, अहो रेघ इकडे आहे, इकडे, आणि तिसरी टक्. जयवंत म्हणाला, "हां, हा बसला." बसला होता. मी तणतणत निघाले. म्हटलं घरी जाऊन विचार करू, दुकानदार मागून भाभी भाभी ओरडतोय, मी कशाला थांबतेय.

दहा पावलांवर एक हमाल हसला. मग पानवाला हसला. खांदा जड लागत होता, मला वाटलं पिशवी. गल्लीच्या तोंडाशी एका बाईने हात धरून सांगितलं, "मावशी, तुमच्या मागे लाकूड." माझ्या पदराला तो कोपरा ठोकलेला. हातभर लांबीच्या दोन पट्ट्या, पाठीवर झोके घेत. (वहिनी, तू हसून घे. मी पण हसले.) त्यातली एक तिथेच निखळून पडली, म्हणजे नुसत्या खिळ्याने सांधा धरत नाही हे माझ्या पाठीवर सिद्ध झालं, तुला साक्षीदार हवे तर अख्खी गल्ली आहे.

पण दादा, हसता हसता माझं हसू बंद झालं. पदर कुठला होता माहीत आहे? कुंकवाच्या रंगाचा, पिवळ्या काठाचा. लाकूड पांढरं. पांढऱ्या लाकडावर लाल पदर पडलेला आणि त्याला तो दिसला नाही. आणि जयवंत पूर्ण गल्ली माझ्या मागून चालत होता. दोन पट्ट्या त्याच्या नाकासमोर हलत होत्या. त्याने मला विचारलं, "लोक हसतायत कशाला?"

बस स्टॉपवर तो म्हणाला, "बघ ग, कितीची आली?" हे तो गेलं वर्षभर विचारतोय. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस बायकोला मान द्यायला लागला. बांगड्याचे काटे मला काढायला सांगतो, मला वाटायचं लाड. प्राचीच्या मैत्रिणीच्या लग्नात माझी निळी साडी बघून हिरवी छान दिसते म्हणाला, मी आठवडाभर खुशीत. सगळा एकाच गोष्टीचा हिशोब निघाला. मी मूर्ख, मला वाटलं प्रेम वाढलंय.

घरी येऊन दार लावून विचारलं. आधी दांडा, मग ट्यूब, मग वसंत. मग म्हणाला, "मोतीबिंदू आहे. दादाला पण आहे. आमचं बोलणं झालंय. अजून पिकला नाही."

पिकला नाही! दादा, डोळा म्हणजे काय फणस आहे? की रोज सकाळी उठून टकटक वाजवून बघता दोघं, आवाज बद्द येतो का? आढीत घालून ठेवू का दोघांना गवतात? मी त्याला दुसऱ्या दिवशी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीण प्राचीच्या वयाची. तिने सांगितलं, पिकायची वाट बघायचे दिवस गेले, उलट जास्त जुना झाला की काम अवघड होतं. उजवा तर फारच झालाय म्हणाली. आता ह्यावर तुझा चेला काय म्हणतो? "दादाच्या आधी मी ऑपरेशन कसं करून घेऊ?"

ह्याला मी काय उत्तर देऊ ते तूच सांग. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की पहिला हात तुझ्या रंध्याला तू लावायचास, मगच बाकीचे आपापल्या. कारखाना गेला, तू गावाला गेलास, तरी हा माणूस दर दसऱ्याला फोन करून विचारतो, "दादा, हात लावलास?" तू हो म्हटल्याशिवाय स्वतःच्या रंध्याला शिवत नाही. एका वर्षी तुमच्याकडे रेंज नव्हती तर दुपारी तीनपर्यंत गाळ्यात हात बांधून बसला होता. आता तेच त्याने डोळ्याला लावलंय. आधी दादा. आणि दादा तिकडे झाडाखाली बसून पिकायची वाट बघतोय.

अंगठ्यावर हातोडी पडली तर अंगठा निळा होतो, आठ दिवसांत बरा होतो. पण गाळ्यात गोल पात्याचा कटर पण आहे रे. त्याच्यावर रेघ दोन बोटं चुकली तर निळं व्हायला काही उरत नाही. रोज संध्याकाळी तो दारात आला की मी आधी बोटं मोजते, मग चहा ठेवते. त्याला वाटतं मी सामान आणलं का बघते. (वहिनी, इथे थांब. पाणी पी. त्यालाही दे.)

असो. पत्राचं कारण एवढंच की तू दोन ओळींची परवानगी धाड. सांध्याला दातात दात असतील, गोंद असेल, आणि गोंद सुकेपर्यंत अठरा नंबरचा खिळा मारलेला चालेल, अशी. तुझी सही बघितल्याशिवाय तो बंदुकीला हात लावणार नाही. सही येत नसेल तर अंगठा चालेल, त्याला अंगठ्याची सवय आहे.

वहिनीची तब्येत सांभाळ. गाईला हिरवं घाल. मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण आता मोठं तुझ्याशिवाय कोणी राहिलं नाही, तो वर झाला.

तुझी धाकटी,
नलू

ता. क. – डॉक्टरणीकडे जयवंतचा नंबर लावताना तिने विचारलं, अजून कोणी आहे का. मी म्हटलं आहे, आणि तुझं नाव सांगितलं. वय सत्तर लिहिलंय, एक-दोन वर्षं इकडे तिकडे झाली तर भांडू नको. वटपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी निलेशच्या गाडीत बसा, तो लालबागला उतरवेल, मी उभी असेन. सकाळी आधी तुला आत घेतील, मग त्याला. मी डॉक्टरणीला तसंच सांगितलंय. ती म्हणाली, आजी, इथे वयाने नंबर नसतो. तिला म्हटलं, वयाचा प्रश्न नाही बाई, रंध्याचा आहे. तिला काही कळलं नाही पण तिने लिहून घेतलं. मला आजी म्हणाली त्याचं नंतर बघते.

ता. क. दुसरा – वहिनी, हा मनातल्या मनात वाच. त्याने काय लिहिलंय विचारलं तर मसाल्याचं प्रमाण आहे म्हण. जयवंतला मी सांगितलंय की दादा ऑपरेशनला तयार आहे, फक्त एकट्याला भीती वाटते, सोबत कोणीतरी हवं म्हणतो. तो लगेच बसल्या जागी ताठ झाला. म्हणाला, मग मी असेन ना दादासोबत. आता तू दादाला सांग की जयवंतला भीती वाटते, दादा शेजारच्या खाटेवर असला तर झोपेल म्हणतो. दोन्हींतलं एकही खोटं ठरणार नाही, दोघंही घाबरलेत. तिसरी मी. ते मात्र कोणाला सांगू नको, माझ्या नुसत्या नावाने इथे चाळीचा अख्खा मजला गप्प बसतो.

ता. क. तिसरा – आता परत मोठ्याने, आणि पेटी उघडा. आत मसाला आहे, यंदाचा, मिरची मीच निवडलेली. पण मसाला बाजूला काढ आणि पेटी हातात घे. दादा, वर परवानगी मागितली खरी, पण बंदूक घेऊन बारा दिवस झाले. जयवंत शिवत नाही, मग मीच शिवले. माझा हात तिच्यावर चांगला बसला. दात जयवंतने पाडलेत, बोटांनी चाचपून चाचपून, एका कोपऱ्याला दोन दिवस लागले. गोंद मी लावला. आणि तो सुकेपर्यंत मला बसून राहायला वेळ नव्हता, म्हणून तुझ्या सांध्यात मी खिळे मारलेत. दोन.

त्या वेळी तू माझ्या पुढ्यात पेटी ठेवली होतीस, आता मी तुझ्या ठेवते. बोटं फिरवू नको, काही लागणार नाही. वर भुसा नि गोंद भरून घासून पॉलिश केलंय. वहिनीने दाखवायचं नाही. येताना पेटी घेऊन ये. डोळ्यावरची पट्टी निघाली की आधी ही पेटीच तुझ्या हातात देईन, खिडकीशी जाऊन शोध. सापडले की ओरड. हॉस्पिटल आहे, लोक बघतील, असलं काही मनात आणू नको. कारखान्यात ओरडायचास तसा ओरड. मी उभी राहून ऐकून घेईन.